आकडे सोडायचे नव्हते : अतिदक्षता विभागातून हॉस्पिसमध्ये आलेल्या एका परिचारिकेचे प्रकरण

या प्रकरणातील परिचारिका, रुग्ण आणि नातेवाईक यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. संबंधित परिचारिकेने हे लेखन वाचून त्याला संमती दिली आहे. मी त्याच हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत, ज्येष्ठ परिचारिका आहे आणि त्यांना कामात रुळवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे हे वर्णन त्रयस्थाचे नाही. पुढे ज्या दोन चुका सांगितल्या आहेत त्यांतील दुसरी चूक त्यांच्यापेक्षा माझी अधिक होती, असे माझे आजही मत आहे, आणि हे प्रकरण लिहून काढण्याचे मुख्य कारण तेच आहे.

पार्श्वभूमी

आमच्याकडे येण्यापूर्वी या परिचारिकेने अतिदक्षता विभागात ११ वर्षे काम केले होते. व्हेंटिलेटरवरील रुग्ण, रक्तदाब टिकवण्यासाठी सतत चालू असलेली औषधे, दर तासाची लघवीची नोंद आणि मॉनिटरचा आवाज बदलताच हाताने आपोआप सुरू होणारे काम, यांत त्या तरबेज होत्या. विभाग सोडण्याचे कारण त्यांनी मुलाखतीत स्पष्टपणे सांगितले होते. ज्या रुग्णाचे आयुष्य आता थोडेच उरले आहे हे सर्वांना माहीत आहे, त्याच्यावरही एकामागून एक उपाय करत राहावे लागते आणि परिचारिका म्हणून त्यात आपले मत कोठेच लागत नाही, हे त्यांना सोसवेनासे झाले होते. योग्य काय ते कळत असूनही संस्थेच्या चौकटीमुळे तसे वागता न येण्याच्या या घुसमटीला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' या अर्थाचे नाव दिले होते. अतिदक्षता विभागातून हॉस्पिसकडे वळणाऱ्या अनेक परिचारिकांच्या बोलण्यात, शब्द वेगळे असले तरी, हेच कारण येते.

असे कारण प्रामाणिक असले तरी त्यात एक धोका असतो, आणि तो मी मुलाखतीच्या वेळी ओळखायला हवा होता. काय सोडायचे आहे हे त्या व्यक्तीला नेमके ठाऊक असते; पुढे काय शिकावे लागणार आहे याची कल्पना मात्र धूसर असते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८०च्या दशकात परिचारिकेच्या कौशल्यविकासाचे नवशिकेपासून निष्णातापर्यंत पाच टप्पे मांडले, तेव्हाच हेही सांगितले होते की अनुभवी परिचारिका ज्या प्रकारच्या रुग्णांशी कधी संबंध आलेला नाही अशा विभागात गेली, तर ती तेथे पुन्हा नवशिक्याच्या पातळीवर असू शकते. हे विधान मी स्वतः प्रशिक्षणात अनेकदा सांगितले आहे. तरीही ११ वर्षांचा अनुभव पाहून मी त्यांच्यासाठी रुळण्याचा काळ अवघा दोन आठवड्यांचा ठेवला, कारण पाळ्या भरायला माणसे कमी होती आणि अनुभवी हात मिळाल्याचा मला आनंद झाला होता.

पहिल्या दोन आठवड्यांत दिसलेली चिन्हे

सुरुवातीलाच एक प्रसंग घडला, ज्याकडे मी पुरेसे गांभीर्याने पाहिले नाही. एका रुग्णाला दिवसभरात तोंडावाटे १२० मिलीग्रॅम मॉर्फिन चालू होते, आणि गिळणे कठीण झाल्यावर डॉक्टरांनी ते त्वचेखालून सिरिंज ड्रायव्हरने (औषध सतत हळूहळू सोडणाऱ्या छोट्या यंत्राने) २४ तासांत ६० मिलीग्रॅम असे बदलले. मध्येच वेदना उसळल्यास द्यायची मात्रा दिवसभराच्या मात्रेच्या साधारण एक षष्ठांश ते एक दशांश ठेवण्याची पद्धत आहे, त्याप्रमाणे ती १० मिलीग्रॅम लिहिलेली होती. रात्री रुग्ण कण्हत होता, पण त्याचा श्वास मिनिटाला १२ भरला म्हणून परिचारिकेने ती मात्रा दिली नाही आणि डॉक्टरांना फोन करून मॉर्फिन कमी करण्याविषयी विचारले.

ही भीती कोठून आली होती हे समजून घेणे आवश्यक आहे. अतिदक्षता विभागातही अफू गटातील औषधे रोज दिली जातात. परंतु ती बहुधा ज्याचा श्वास यंत्र चालवत आहे अशा रुग्णाला दिली जातात, त्यामुळे श्वास मंदावण्याची चिंता यंत्राने वाहिलेली असते. स्वतःच्या बळावर श्वास घेणाऱ्या माणसाला इतके मॉर्फिन द्यायचे, हे त्यांच्या हाताला नवे होते. प्रत्यक्षात वेदनेच्या प्रमाणात हळूहळू वाढवत नेलेल्या मॉर्फिनने श्वास धोकादायक पातळीवर मंदावणे विरळ असते, आणि तसे होऊ लागलेच तर त्याआधी वाढत जाणारी गुंगी दिसते. जो माणूस जागा आहे, कण्हत आहे आणि मिनिटाला १२ श्वास घेत आहे, त्याला औषध जास्त झालेले नसून कमी पडत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी घालून दिलेल्या पद्धतीतही औषध घड्याळाप्रमाणे, म्हणजे वेदना परत येण्याची वाट न पाहता द्यावे, यावर भर होता. हे सगळे मी त्यांना दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत सांगितले, त्यांनी मान डोलावली, आणि विषय संपला असे मी समजले.

पहिली घटना

तिसऱ्या आठवड्यात त्या प्रथमच रात्रपाळीला एकट्या मुख्य परिचारिका म्हणून होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक रुग्ण अखेरच्या तासांत होता. श्वास काही वेळ खोल होत जायचा, मग उथळ होऊन काही सेकंद थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. घशात साठलेल्या स्रावामुळे घरघर ऐकू येत होती. रुग्ण बेशुद्ध होता, कपाळ सैल होते, हात शांत होते. त्याची पत्नी त्याचा हात धरून बसली होती. त्या घरघरीने घाबरून तिने विचारले, "सिस्टर, यांना गुदमरतंय का?"

परिचारिकेच्या एप्रनच्या खिशात त्यांचा स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर असे. त्यांनी तो बोटाला लावला. ऑक्सिजनची पातळी ७८ टक्के दिसली. तो आकडा दिसल्यानंतर जे घडले ते ११ वर्षांच्या सवयीने घडले. त्यांनी मास्क लावून ऑक्सिजनचा प्रवाह वाढवला, नाकावाटे नळी घालून तीन वेळा सक्शन करून स्राव ओढून काढला, आणि जागा हवी म्हणून पत्नीला दाराबाहेर थांबायला सांगितले. सक्शनच्या वेळी रुग्णाचा चेहरा आक्रसला. सुमारे २० मिनिटांनी त्याचा मृत्यू झाला, तेव्हा पत्नी दाराबाहेरच होती.

वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर यातील कोणत्याही कृतीने त्या रुग्णाला आराम मिळण्याची शक्यता फार कमी होती. अखेरच्या तासांतील घरघर ही बहुधा गिळण्याची आणि खोकण्याची शक्ती गेल्याने साठलेल्या स्रावाची असते. रुग्णाला कुशीवर वळवणे, डोके थोडे उंच करणे, तोंड हळुवार पुसून घेणे आणि गरज वाटल्यास स्राव कमी करणारे औषध देणे एवढे बहुतेक वेळा पुरते. खोलवर सक्शन केल्याने त्रास वाढतो आणि स्राव पुन्हा साठतो. ऑक्सिजनचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्याला धाप जाणवते आहे आणि ज्याची पातळी खरोखर खाली आहे, अशा जाग्या रुग्णाला त्याने बरे वाटू शकते. परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले होते की ज्यांची ऑक्सिजनची पातळी फारशी खालावलेली नाही, अशा रुग्णांची धाप नळीने दिलेल्या साध्या हवेनेही तितकीच कमी होते. आमचा रुग्ण या दोन्ही गटांत बसत नव्हता. तो बेशुद्ध होता आणि त्याच्या चेहऱ्यावर धापेचे चिन्ह नव्हते. त्याला त्या आकड्याचा त्रास होत नव्हता; आकड्याचा त्रास परिचारिकेला होत होता.

खरा निर्णयबिंदू मात्र पत्नीच्या प्रश्नापाशी होता, असे मला वाटते. तो प्रश्न उत्तर मागत होता, आणि त्याला उपाय मिळाला. "त्यांना त्रास होत असेल असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही, हा आवाज आपल्याला ऐकवत नाही, पण त्यांना तो जाणवत नसावा, आता वेळ जवळ आली आहे, तुम्ही हात सोडू नका," एवढे सांगायला हवे होते. अतिदक्षता विभागात असे बोलणे बहुधा डॉक्टरांकडे असते. हॉस्पिसमध्ये रात्री अडीच वाजता ते परिचारिकेलाच बोलावे लागते, आणि ते बोलण्याचा सराव आम्ही त्यांना दिलेला नव्हता.

मी दिलेला सल्ला

दुसऱ्या दिवशी त्या अत्यंत अस्वस्थ होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, दोष दिला नाही, आणि आज पाहता चुकीचा ठरलेला सल्ला दिला. "तो ऑक्सिमीटर लॉकरमध्ये ठेवून द्या. इथे आकडे बघायचे नसतात. इथे काही करायचे नसते, सोबत राहायचे असते," असे मी म्हणाले. ही वाक्ये कानाला चांगली वाटतात आणि नव्या माणसाला आम्ही ती सहज ऐकवतो. पण हॉस्पिसमधील शुश्रूषा म्हणजे काही न करणे, अशी समजूत त्यातूनच पसरते. माझ्यासमोर बसलेली परिचारिका नुकत्याच झालेल्या चुकीने हादरलेली होती. तिने हा सल्ला शब्दशः पाळला.

दुसरी घटना

सातव्या आठवड्यात पोटातील कर्करोगामुळे आतड्यात अडथळा आलेली एक स्त्री रुग्ण आमच्याकडे होती. वेदनेसाठी मॉर्फिन आणि पोटातील मुरड्यांसाठी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड अशी दोन औषधे सिरिंज ड्रायव्हरमधून चालू होती. तिची प्रकृती क्षीण असली तरी ती बोलत होती, आणि दूरच्या गावी राहणारा तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी येणार म्हणून ती वाट पाहत होती.

त्या रात्री ती एकाएकी अस्वस्थ झाली. पांघरूण ओढू लागली, पलंगावरून उतरायचा प्रयत्न करू लागली, काय होते आहे ते तिला नीट सांगता येईना. अखेरच्या दिवसांत अशी तगमग दिसते आणि त्यासाठी गरजेप्रमाणे द्यायचे मिडाझोलाम हे शांत करणारे औषध २.५ मिलीग्रॅम लिहिलेले होते. परिचारिकेने ते दिले, आणि दोन तासांनी पुन्हा दिले. रुग्ण गुंगीत गेली, तरी मधूनमधून कण्हत राहिली. परिचारिका तिच्या उशाशी बसून राहिल्या, कपाळावर हात ठेवला, दिवा मंद केला. नोंदवहीत 'अंतिम अवस्थेतील अस्वस्थता, मिडाझोलामला अर्धवट प्रतिसाद' असे लिहिले होते, आणि लघवीच्या रकान्यात 'पॅड ओले' असे.

सकाळी हॅण्डओव्हरच्या वेळी दिवसपाळीच्या परिचारिकेने विचारले, "पॅड किती ओले होते?" उत्तर आले, "थोडेच, पण दोनदा." तिने पोटावर हात ठेवला तर ओटीपोट टणक आणि नाभीच्या दिशेने वर आलेले लागले. कॅथेटर घातल्यावर ९०० मिलिलिटर लघवी निघाली आणि काही मिनिटांतच चेहरा निवळला. मॉर्फिन आणि हायोसिन या दोन्ही औषधांनी लघवी तुंबू शकते, आणि मूत्राशय भरून वाहू लागले की थेंब थेंब बाहेर पडून पॅड ओले होते. त्यामुळे लघवी होत असल्याचा भास होतो.

रुग्णाला वेदनेतून मोकळे केले खरे, पण रात्री दिलेल्या मिडाझोलामची गुंगी उरली होती. मुलगा आला तेव्हा ती झोपेत होती, आणि दिवसाचा बराच भाग झोपेतच गेला. संध्याकाळी ती काही वेळ जागी झाली, दोघे थोडे बोलले. चार दिवसांनी ती गेली. ज्या माणसाजवळ मोजके दिवस उरले आहेत, त्याचा एक दिवस आमच्या हातून असा गेला.

परिचारिकेशी बोलताना त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला माझे वाक्य आठवले. रात्री दोन वाजता लघवीचे प्रमाण मोजावे, पोट तपासावे, असे त्यांच्या मनात आले होते. अतिदक्षता विभागात तासाला किती लघवी झाली हे विचारल्याशिवाय त्यांचा एकही तास गेला नव्हता. "पण मला वाटले, ही माझी जुनी सवय आहे. तुम्ही सांगितले होते, इथे आकडे बघायचे नसतात," त्या म्हणाल्या. पहिल्या घटनेत त्यांची जुनी सवय रुग्णाच्या आड आली होती. दुसऱ्या घटनेत रुग्णाला तीच सवय हवी होती, आणि मी ती लॉकरमध्ये ठेवायला लावली होती.

विचारात घेतलेले पर्याय

परिचारिकेने स्वतः पहिला पर्याय मांडला, तो राजीनाम्याचा. हे काम आपल्याला जमणारे नाही, अतिदक्षता विभागात निदान आपण कोणाचे नुकसान करत नव्हतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी तो त्या आठवड्यात स्वीकारायचा नाही एवढेच ठरवले, कारण चुकीनंतर चार दिवसांत घेतलेला निर्णय हा बहुधा लाजेचा निर्णय असतो. व्यवस्थापनाकडून आलेला पर्याय त्यांना काही महिने रात्रपाळी न देण्याचा होता. तो सोयीचा होता, परंतु त्यातून रात्री लागणारे कौशल्य आले नसते. अर्धा वेळ जुन्या विभागात आणि अर्धा वेळ आमच्याकडे, असाही विचार झाला, पण एकाच आठवड्यात दोन उलट दिशांच्या प्रतिक्षिप्त क्रिया सांभाळणे नवशिक्या माणसाला फार जड गेले असते.

आम्ही निवडलेला पर्याय सर्वांत महाग होता, कारण त्याला माणसांचा वेळ लागणार होता : त्यांना सहा आठवडे मोजणीबाहेर ठेवून, म्हणजे पाळीतील आवश्यक संख्येत न धरता, पुन्हा शिकाऊ म्हणून काम द्यायचे. त्यांच्या ज्येष्ठतेला हे कमीपणाचे वाटेल अशी मला भीती होती. मी त्यांना सांगितले की सिसिली साँडर्स याही आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्यांना नव्याने पहिल्या बाकावर बसावे लागले होते. मॉर्फिन ठराविक वेळाने नियमित देण्याचे महत्त्व त्यांना उमगले तेही सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या संस्थेत स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम करताना, तेथील परिचारिकांचे काम पाहून. परिचारिकेने हे ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, "मग या वेळी मला काय करायचे नाही ते सांगणार, की काय करायचे ते?" प्रश्न रास्त होता.

त्याच आठवड्यात आणखी एक निर्णय घ्यावा लागला. मुलाला हे सांगायचे का? सांगितल्याने त्याचे दुःख वाढेल असे एका सहकाऱ्याचे मत होते. डॉक्टर आणि मी असे ठरवले की जे झाले ते त्याला सोप्या शब्दांत सांगायचे आणि क्षमा मागायची, कारण आपल्या आईला ती झोप आजाराने आली असे त्याने समजून राहणे बरोबर नव्हते. तो रागावला. काही वेळाने त्याने विचारले, रात्री आईजवळ कोणी होते का. कोणी होते, हे खरे होते, आणि तेही आम्ही त्याला सांगितले.

केलेली कृती

सहा आठवड्यांचा गाभा एका प्रश्नाभोवती बांधला होता. कोणतेही निरीक्षण करण्यापूर्वी किंवा टाळण्यापूर्वी परिचारिकेने स्वतःला विचारायचे : हे कळले तर या माणसाच्या आरामासाठी मी काय बदलणार आहे? बेशुद्ध, शांत रुग्णाच्या ऑक्सिजनचा आकडा कळून काही बदलणार नसेल तर तो घ्यायचा नाही. तगमगणाऱ्या रुग्णाच्या मूत्राशयाची स्थिती कळली तर सगळेच बदलू शकते, म्हणून तेथे हात लावायचाच. ऑक्सिमीटर लॉकरमधून परत आला. जाग्या, धापणाऱ्या रुग्णासाठी तो कधी उपयोगी पडतो आणि चेहऱ्यासमोर धरलेला छोटा पंखा किंवा मॉर्फिनची लहान मात्रा कधी, याची चर्चा प्रत्येक रुग्णाच्या उशाशी झाली.

तगमगीसाठी आम्ही एक क्रम पक्का केला, आणि तो संपूर्ण हॉस्पिसला लागू केला. शांत करणारे औषध देण्याआधी मूत्राशय, गुदाशयात अडकलेला मळ, वेदना, नुकतीच सुरू केलेली किंवा वाढवलेली औषधे, स्नायूंना बसणारे बारीक झटके, ताप आणि अंथरुणातील अवघडलेली स्थिती पाहायची. स्नायूंचे झटके यासाठी, की ते मॉर्फिन शरीरात साठत असल्याचे लक्षण असू शकते. हे सर्व पाहायला अनुभवी हाताला पाच मिनिटे लागतात. औषधाची तातडी असेल तर ते द्यावे, पण शोध थांबवू नये, हेही लिहून ठेवले.

बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना ओळखण्यासाठी प्रगत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकरिता २००३ मध्ये तयार झालेली पेनॅड ही मोजपट्टी त्यांना शिकवली. तीत श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. ही मोजपट्टी त्यांना लगेच आवडली, आणि त्याचे कारण मला उशिरा कळले : आकड्यांवर त्यांचे प्रेम होते, आणि येथे आकडा यंत्राऐवजी त्यांच्या डोळ्यांतून येत होता.

मॉर्फिनविषयी मी पूर्वी पाच मिनिटांत सांगितलेले आम्ही आठवडाभर उदाहरणे सोडवून केले. मॉर्फिनचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन हे औषध कधी द्यायचे हेही त्यात होते. नुसत्या मंद श्वासासाठी ते द्यायचे नाही. श्वास मिनिटाला आठच्या खाली आणि रुग्ण हलवूनही जागा होत नाही, आणि हे मृत्यूच्या नैसर्गिक प्रक्रियेचा भाग नाही असे दिसते, तेव्हाच, आणि तेही पातळ करून थोडे थोडे, कारण पूर्ण मात्रा एकदम दिली तर दबलेली सगळी वेदना एका क्षणात परत येते.

नातेवाइकांशी बोलणे शिकवण्याची आमच्याकडे ठराविक पद्धत नव्हती. त्या माझ्यासोबत आणि नंतर समाजसेविकेसोबत बसल्या, ऐकत राहिल्या, आणि तिसऱ्या आठवड्यापासून बोलू लागल्या. सुरुवातीला त्या शांततेत टिकत नसत. कोणी रडू लागले की उठून सलाइन तपासायला जात. मी एकदा त्यांना फक्त बसून राहायला खुणावले. ते त्यांना ऑक्सिमीटर सोडण्यापेक्षा कठीण गेले.

परिणाम

सहा आठवड्यांनंतर त्या पुन्हा पाळीत आल्या आणि आजही आमच्याकडे आहेत. दुसऱ्या घटनेनंतर काही महिन्यांनी एका रुग्णाला तगमग सुरू झाली असता त्यांनी फोन केला तो असा : "मूत्राशय मोकळे आहे, चार दिवस शौचास झाले नाही, हातांना बारीक झटके येत आहेत, मॉर्फिन परवा वाढवले, लघवीचे प्रमाण कालपासून निम्मे झाले आहे." डॉक्टरांनी त्या एका वाक्यावरून मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचा आणि मॉर्फिन साठत असल्याचा अंदाज बांधून औषध बदलले. आमच्यापैकी बऱ्याच जणींना लघवी निम्मी झाल्याचे लक्षात आले नसते. ती नजर त्या अतिदक्षता विभागातून घेऊन आल्या होत्या.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एकाच आठवड्यात तीन मृत्यू झाले की त्यांची झोप आजही उडते. जुन्या विभागात रुग्ण गेला की पुढच्या काही मिनिटांत दुसरा येत असे, त्यामुळे दुःखाला जागाच नव्हती. येथे ती आहे, आणि ती कशी सांभाळायची याची आमची व्यवस्था महिन्यातून एकदा होणाऱ्या बैठकीपुरतीच आहे. ते अपुरे आहे असे माझे मत मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे.

काय वेगळे करता आले असते

रुळण्याचा काळ दोन आठवड्यांचा ठेवणे ही माझी स्वतःची पहिली चूक, आणि ती अनुभवाकडे पाहून झाली. आज नवी परिचारिका आली की मी तिच्या जुन्या विभागाची यादी तिच्याकडूनच लिहून घेते : रोज काय मोजत होता, कशाची भीती वाटे, कोणते काम हात न विचारता करतात. त्यातील प्रत्येक गोष्ट येथे कशी वापरली जाईल किंवा कोठे अडथळा करील, यावर आम्ही बोलतो. लहान मुलांच्या विभागातून, शस्त्रक्रियागृहातून किंवा डायलिसिसमधून आलेल्या परिचारिकांच्या याद्या पूर्णपणे वेगळ्या निघतात.

मॉर्फिनच्या प्रसंगी मी थांबायला हवे होते. मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे, हे मला इतक्या वर्षांनंतर माहीत असायला हवे होते. पहिल्या घटनेनंतर काय टाळायचे ते सांगण्याऐवजी त्या खोलीत काय करता आले असते, हे आम्ही दोघींनी पलंगाशेजारी उभे राहून करून पाहिले असते, तर दुसरी घटना कदाचित टळली असती.

आणखी एक गोष्ट राहिली होती. मुलाला आम्ही खरे सांगितले. पहिल्या रुग्णाच्या पत्नीला मात्र काहीच सांगितले नव्हते. तेव्हा तो केवळ शिकण्यातील एक टप्पा आहे असे मी मानले होते. परिचारिकेने सहा महिन्यांनी स्वतःहून हा विषय काढला. सांगितल्याने त्या बाईंचे ओझे हलके होईल की आमचे, यावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि ठरवले की शोकाकुल कुटुंबांना आम्ही करतो त्या नेहमीच्या फोनमध्ये त्या रात्रीविषयी काही विचारायचे आहे का, एवढे विचारायचे. पुढचे त्यांच्यावर सोडायचे.

फोन परिचारिकेनेच केला. पत्नीने विचारले, "मी बाहेर असताना त्यांच्याजवळ कोण होतं?" परिचारिका म्हणाल्या, "मी होते. तुम्हाला बाहेर थांबवायची गरज नव्हती. ते माझं चुकलं." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, आणि या वेळी त्या उठल्या नाहीत. मग पत्नीने विचारले की शेवटी त्यांना त्रास झाला का. सक्शनच्या वेळी क्षणभर झाला, त्यानंतर चेहरा शांत होता, असे परिचारिकेने सांगितले. फोन ठेवल्यावर त्यांनी हे संभाषण नोंदवहीत लिहिले आणि पत्नीने स्वतः मागितलेली पुढच्या फोनची तारीख खाली टाकली.